डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) : डिव्हिनेशन (गुपितं काढून देणाऱ्या) स्पेल्समुळे खुनाचं कॅम्पेन पहिल्याच सेशनला उलगडतंय. आखणी कशी करावी?

बंदरावरचा_डीएम

मंडळी, मी डीएम, म्हणजे टेबलावर गोष्ट चालवणारा. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४च्या नियमांवर, एक खुनाचं कॅम्पेन लिहून होत आलंय. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) नवव्या लेव्हलची आहे : क्लेरिक (देवाचा पुजारी), विझार्ड (वहीतून जादू करणारा), बार्ड (जादू जाणणारा गायक) आणि फायटर (लढवय्या).

गोष्ट थोडक्यात अशी. बंदराच्या एका शहरात मिठाच्या व्यापाऱ्यांच्या गिल्डचा खजिनदार गोदामात मेलेला सापडतो. मारलंय बंदराच्या कप्तानबाईने, पण मारायला लावणारा नगरसभेतला एक सभासद आहे. खजिनदाराला हिशेब तपासताना दीपगृहाच्या तळघरावर होणारा विनाकारण खर्च दिसला होता. त्या तळघरात खुनानंतर सातव्या रात्री एक विधी होणार आहे. शोध, साक्षी, पाठलाग धरून पाच-सहा सेशन चालावं असा अंदाज.

आता स्पेलची यादी शेजारी ठेवून पाहिलं तर सगळं अर्ध्या तासात संपतं. बार्ड प्रेताला विचारणार, क्लेरिक कम्यून (देवाला हो-नाहीचे प्रश्न) करणार, विझार्ड स्क्रायिंग लावून सभासदाच्या घरात बघणार आणि शेवटी झोन ऑफ ट्रुथमध्ये (खोटं बोलू न देणाऱ्या वर्तुळात) सगळ्यांना उभं करणार. मला तीन उपाय सुचले : हे स्पेल आधीच बंद करणं, सगळ्या खलनायकांना नॉनडिटेक्शन (शोधणाऱ्या जादूपासून लपवणारा स्पेल) देणं, किंवा देवाची उत्तरं मुद्दाम धूसर ठेवणं. तिन्ही मनाला पटत नाहीत. तुम्ही आखणी कशी करता? आणि ऑगरी-डिव्हिनेशन हे कौल लावणारे स्पेल लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) न घेता पुन्हा केले की उत्तर भरकटण्याची जी शक्यता येते, त्या २५ टक्क्यांचा हिशेब टेबलावर नेमका कसा ठेवायचा?

---

शिसं_आणि_शाई

तिन्ही उपाय सोडून द्या, कारण तिन्हींत खेळाडूलाच शिक्षा होते. ज्याने कम्यून प्रिपेअर केलाय त्याने तुम्हाला स्वच्छ सांगितलंय की त्याला प्रश्न विचारून खेळायला आवडतं. खरी अडचण अशी की तुमचं रहस्य एका नावावर उभं आहे. नाव कळलं की खेळ संपतो, आणि नाव काढून देणं हेच तर या स्पेल्सचं काम आहे.

आधी आकडे बघू. कम्यूनमध्ये तीन प्रश्न मिळतात, उत्तर हो किंवा नाही. तीन हो-नाही म्हणजे आठ शक्यता. संशयित आठ किंवा त्याहून कमी असतील तर "पहिल्या चौघांपैकी कोणी केलं का?" असं निम्मं-निम्मं करत एकाच कम्यूनमध्ये नाव हाती लागतं. तो रिच्युअल आहे (सावकाश, विधीने करता येतो), म्हणजे स्लॉटही (दिवसाला मोजकेच मिळणारे स्पेलचे डाव) जात नाही, एकूण ११ मिनिटं जातात. विझार्डच्या वहीत काँटॅक्ट अदर प्लेन (दुसऱ्या लोकातल्या शक्तीला विचारणं) असेल तर आणखी पाच प्रश्न, म्हणजे ३२ शक्यता. दोन्ही मिळून आठ प्रश्न, २५६ शक्यता. त्यामुळे संशयित वाढवून उपयोग नाही. २५६ माणसांचं शहर तुम्ही लिहिणार नाही, आणि लिहिलंत तरी पार्टी जिंकेल.

म्हणून रहस्याचे तीन थर करा. पहिला थर नावाचा : कोणी मारलं, कोणी मारायला लावलं. हा स्वस्त ठेवा, दुसऱ्या सेशनलाच कळू द्या. दुसरा थर पुराव्याचा. "समुद्रदेवतेने आमच्या क्लेरिकला सांगितलं" एवढ्यावर कुठलीही नगरसभा आपल्या सभासदाला पकडून देणार नाही. त्यासाठी हिशेबाची वही लागेल, साक्षीदार लागेल, पैसा कुठून कुठे गेला ते दाखवावं लागेल. तिसरा थर वेळेचा : सातवी रात्र. तुमची पाच सेशन या दुसऱ्या आणि तिसऱ्या थरावर उभी राहू द्या. मग डिव्हिनेशनने गोष्ट मोडत नाही, उलट पार्टी योग्य दारापाशी लवकर पोहोचते आणि दार उघडण्याचं काम उरतं.

आता एकेक स्पेल.

स्पीक विथ डेड (प्रेताला विचारणं) : पाच प्रश्न. प्रेताला तोंड हवं, आणि त्याच प्रेतावर गेल्या दहा दिवसांत हा स्पेल झालेला नसावा. बहुतेक डीएम खुन्याकडून जबडा कापवून घेतात. एकदा ठीक, दुसऱ्यांदा खेळाडूंना वाटतं की डीएमच दार लावतोय. त्यापेक्षा दहा दिवसांची अट वापरा. खुन्यांनीच आधी प्रेताला विचारून घेतलंय : "हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे? तू कोणाला सांगितलंस?" त्यामुळे प्रेत दहा दिवस बंद, आणि तुमचा विधी सातव्या रात्री. बार्डचा स्पेल फसतो, पण ते फसणंच एक धागा आहे : शहरात तिसऱ्या लेव्हलचा हा स्पेल करू शकणारी माणसं किती? दोन? तीन? फक्त "काही होत नाही" म्हणून सोडू नका. स्पेल का फसला हे अर्काना चेकवर (जादूच्या माहितीसाठी टाकायचा फासा), साधारण डीसी १३ (बेरीज किमान एवढी यायला हवी), सांगून टाका. चेक हुकला तर जवळच्या देवळातल्या पुजाऱ्याकडून कळू द्या.

याच स्पेलमध्ये अजून एक कलम आहे, त्याकडे फार कमी लोक बघतात. विचारणारा शत्रू आहे हे प्रेताला ओळखता आलं तर खरं बोलायचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे खजिनदाराचं प्रेत खुन्यांशी खोटं बोललं असेल. वही बहिणीकडे असताना त्याने जुन्या कारकुनाचं घर सांगितलं. मग दुसऱ्या रात्री कप्तानबाईची माणसं कारकुनाच्या घराची कौलं काढताना पार्टीला दिसतात. एका नियमातून तुम्हाला अख्खं सेशन मिळालं.

रेझ डेड (मेलेल्याला जिवंत करणं) विसरू नका. नवव्या लेव्हलच्या क्लेरिककडे तो असू शकतो. ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा, एक तास, मरून दहा दिवसांच्या आत, आत्मा यायला तयार हवा. आलाच खजिनदार परत तर येऊ द्या. वार पाठीमागून झाला, चेहरा दिसला नाही, हिशेब मात्र तोंडपाठ आहे. पण पार्टीच्या हातात आता एक जिवंत साक्षीदार आहे. त्याच्या प्रत्येक डी२० (वीस बाजूंच्या फाशा) वर उणे ४, रोजच्या लाँग रेस्टला एकाने कमी होणार, आणि त्याला पुन्हा मारायला कोणीतरी टपलेलं. राखण करणं हा चौकशीपेक्षा चांगला खेळ आहे. शिवाय क्लेरिककडे या लेव्हलला पाचव्या लेव्हलचा स्लॉट एकच. तो हिऱ्यावर गेला की त्या दिवशी त्याचं स्क्रायिंग नाही.

स्क्रायिंगचं गणित मात्र आधी करून ठेवा. समजा स्पेल सेव्ह डीसी (स्पेलमधून सुटायला लागणारी बेरीज) १७ आहे आणि सभासदाचा विझ्डम सेव्ह (त्यासाठी डी२० मध्ये मिळवायचा आकडा) अधिक ३. त्याच्याबद्दल फक्त ऐकलंय तर त्याला अधिक ५ मिळतात, म्हणजे फाशावर ९ आले तरी तो सुटतो : ६० टक्के. भेट झालेली असेल आणि त्याचं वापरलेलं कापड हाती असेल तर उणे ४, आता त्याला १८ हवेत : १५ टक्के. भेट झाली आणि केस किंवा नख मिळालं तर उणे १०. त्याची सर्वांत मोठी बेरीज १३ होते, तो सुटूच शकत नाही. म्हणजे तुमच्या कॅम्पेनमध्ये सभासदाचा न्हावी हे महत्त्वाचं पात्र आहे. त्याला नाव द्या, दुकान द्या, भीती द्या. सेव्ह यशस्वी झाला तर २४ तास त्याच माणसावर पुन्हा करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

---

गाऱ्हाणं_घालणारी

वरचं सगळं मान्य. मी फक्त ऑगरी, डिव्हिनेशन आणि कम्यूनच्या प्रश्नांबद्दल लिहिते, कारण टेबलावर भांडण तिथेच होतं.

कोकणात-गोव्यात देवळात कौल लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ऑगरी वेगळी समजवावी लागत नाही. मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. पण त्याआधी गाऱ्हाणं घालतात, आणि गाऱ्हाणं मोघम असेल तर कौलाचा अर्थ लावता येत नाही. ऑगरीचंही तसंच. "आम्ही गोदामात जावं का?" हा प्रश्न घेऊच नका. नियमात "येत्या ३० मिनिटांत करायची ठरावीक कृती" असं आहे. म्हणून खेळाडूकडून तीन गोष्टी वदवून घ्या : कोण जाणार, कुठून जाणार, कशासाठी जाणार. "आम्ही चौघं मागच्या खिडकीतून आत शिरून लोखंडी पेटी उघडणार." आता तुम्हाला प्रामाणिक उत्तर देता येतं. पेटीत वही असेल आणि दारावर पहारा असेल तर "लाभही, हानीही". आणि इथे एक गोष्ट खेळाडूंना आधीच सांगून ठेवा : मधे कोणी नवा स्पेल टाकला, सोबतीला एक माणूस वाढला किंवा गेला, तर ऑगरीने त्याचा विचार केलेला नसतो. हे न सांगितल्यामुळेच "देवाने फसवलं" अशी तक्रार येते.

२५ टक्क्यांचं असं करा. चार बाजूंचा फासा पडद्यामागे ठेवा. लाँग रेस्टनंतरची पहिली ऑगरी नेहमी खरी. दुसरीला १ पडला तर उत्तर यादृच्छिक, तिसरीला १ किंवा २, चौथीला १ ते ३, पाचवीला फासा टाकायचीच गरज नाही. यादृच्छिक झालं की पुन्हा तोच फासा टाकून चार उत्तरांपैकी एक निवडा : लाभ, हानी, दोन्ही, काहीच नाही. त्यातही चारात एकदा खरं उत्तरच येतं, म्हणजे दुसरी ऑगरी चुकण्याची शक्यता प्रत्यक्षात १९ टक्क्यांच्या आत आहे. पहिल्या वेळीही फासा टाका, नाहीतर पडद्यामागे आवाज आला की खेळाडू लगेच ओळखतात. कम्यूनला मात्र वेगळं आहे : तिथे चुकीचं उत्तर येत नाही, उत्तरच येत नाही. २०२४च्या सुधारित नियमांत ऑगरीलाही तसंच केलंय. तुम्ही २०१४चे नियम वापरताय, तेव्हा कुठलं चालवणार ते पहिल्या दिवशी सांगा. माझं मत विचाराल तर खोट्या उत्तरापेक्षा मौन बरं. खोट्या उत्तरावर दोन तास वाया गेले की खेळाडू पुढे सगळ्याच उत्तरांवर अविश्वास दाखवतात आणि मग तो स्पेल टेबलावरून जातो.

कम्यूनच्या देवाला सगळं माहीत असेलच असं नाही, नियमच तसं म्हणतो. पण "अस्पष्ट" हे उत्तर आयत्या वेळी पळवाट म्हणून वापरू नका. कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी देवासमोर दोन ओळी लिहून ठेवा : याच्या नजरेत काय येतं, काय येत नाही. समुद्रदेवतेला पाण्यावर आणि पाण्याकाठी घडलेलं कळतं, बंद दाराआड लिहिलेले हिशेब कळत नाहीत. खेळाडूला हे धर्मशास्त्र म्हणून आधी सांगा. मग तो प्रश्न त्या देवाला शोभेल असा विचारतो : "खजिनदाराच्या रक्ताचे हात समुद्राच्या पाण्यात धुतले गेले का?" असा प्रश्न आला की टेबल जिवंत होतं.

डिव्हिनेशनसाठी उत्तर कागदावर तयार हवं. एक प्रश्न, सात दिवसांच्या आतली घटना, २५ नाण्यांचा धूप-नैवेद्य खर्ची. उत्तर खरंच असलं पाहिजे, पण ते वाक्य, शकुन किंवा कवन असू शकतं. इंग्रजी यमकं वाचून दाखवू नका, ओवी लिहा. आपल्या कानाला ती लगेच देववाणी वाटते. तुमच्या विधीसाठी ही घ्या :

मीठ साचे पायरीवरी ।
दिवा फिरे माथ्यावरी ।
सातवे रात्री ओहोटीवरी ।
दार उघडे ॥

यात चार खुणा आहेत : मिठाची पायरी, फिरता दिवा, सातवी रात्र, ओहोटी. माझा नियम असा की निम्म्या खुणा त्याच क्षणी ओळखू याव्यात आणि उरलेल्या जागेवर गेल्यावर उलगडाव्यात. फिरता दिवा म्हणजे दीपगृह हे लगेच कळेल, कळू द्या. दार कुठलं हे पाणी ओसरल्यावरच कळेल. चारही खुणा गूढ ठेवल्यात तर २५ नाणी पाण्यात गेली असं वाटतं.

---

हिऱ्याची_पूड

नॉनडिटेक्शन सगळ्यांना देऊ नका हे खरं, पण एकालाही द्यायचं नाही असं नको. नवव्या लेव्हलच्या जगात श्रीमंत सभासदाला या स्पेल्सची माहिती असणारच. त्याने काहीच केलं नाही तर तो मूर्ख वाटेल. मुद्दा हा की लपण्याचाही खर्च असतो, आणि खर्चाचा माग काढता येतो.

नॉनडिटेक्शन आठ तास टिकतो आणि दर वेळी २५ नाण्यांची हिऱ्याची पूड संपते. चोवीस तास लपायचं तर दिवसाला तीन वेळा, ७५ नाणी. खुनापासून विधीपर्यंत सात दिवस : ५२५ नाणी. शिवाय रिच्युअल नाही, म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट रोज. सहाव्या लेव्हलच्या विझार्डकडे तेवढेच असतात. म्हणजे कोणीतरी एक पूर्ण विझार्ड फक्त याच कामाला ठेवलाय, तो रोज तीन वेळा सभासदाला हात लावायला जातो, आणि शहरातला एकच जवाहिऱ्या आठवड्याभरात २१ पुड्या विकतो. पार्टीला स्क्रायिंगने काही दिसत नाही, पण जवाहिऱ्याच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. अडथळा घालायचा तर असा घाला.

काटकसर करणारा सभासद दिवसाचे चोवीस तास लपणारच नाही. रात्री झोपताना आठ तास उघडा राहील, किंवा फक्त बैठकीपुरता झाकून घेईल. पार्टीने त्याच्या दिनक्रमावर नजर ठेवली तर ती फट सापडते.

जागा झाकायची असेल तर चौथ्या लेव्हलचा मॉर्डेनकाइनेन्स प्रायव्हेट सँक्टम. २४ तास, बाजू पाच ते शंभर फूट, आणि त्याच जागी वर्षभर रोज केला तर कायमचा. दीपगृहाच्या तळघरावर तो असू द्या, सभासदाच्या घरावर नको. घर दिसतं, फक्त तळघर दिसत नाही, यावरूनच पार्टीला कळेल कुठे जायचं.

एक दुरुस्तीही सांगतो, कारण ही चूक वारंवार दिसते. शिशाचा पत्रा सगळं अडवत नाही. तो लोकेट ऑब्जेक्टला (वस्तू शोधणं) आणि डिटेक्ट थॉट्सला (मन वाचणं) अडवतो. स्क्रायिंगला शिशाने काही होत नाही. आणि लोकेट क्रीचरला (माणूस शोधणं) शिसं नाही, वाहतं पाणी अडवतं : थेट रेषेत दहा फूट रुंद प्रवाह आला की संपलं. खाड्या-कालव्यांच्या शहरात पळणाऱ्या कप्तानबाईला हे नक्की माहीत असेल. तिचा पळायचा रस्ता नकाशावर काढताना हजार फुटांचं वर्तुळ (लोकेट क्रीचरचा पल्ला) आणि कालवे दोन्ही काढून ठेवा.

टेबलावर अजून एक करा. स्क्रायिंग फसलं तर ते सेव्हमुळे फसलं की झाकण्यामुळे, हे वर्णनातून वेगळं कळू द्या. सेव्ह यशस्वी : आरशात चेहरा येता येता विरतो. नॉनडिटेक्शन : आरसा नुसता आरसा राहतो. नियमात हे सांगितलेलं नाही, पण हा फरक दिला नाही तर वर सांगितलेला सगळा पाठलाग सुरूच होणार नाही.

---

बंदरावरचा_डीएम

प्रेताने खुन्यांशी खोटं बोलणं आणि जवाहिऱ्याची वही, दोन्ही उचलतोय. न्हाव्याला दुकान दिलं.

उरला झोन ऑफ ट्रुथ. शहरात न्यायसभा आहे. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा साधा क्लेरिकही करू शकतो. मग या जगात खटले चालतातच कसे? आणि दुसरं, काँटॅक्ट अदर प्लेन विझार्डच्या वहीत खरोखरच आहे. त्याचा धोका पुरेसा आहे का?

---

पंधरा_फुटी_वर्तुळ

खटले चालतात, कारण त्या स्पेलचा निकाल वर्तुळातल्या माणसाशिवाय फक्त एकालाच कळतो : स्पेल करणाऱ्याला. समोरच्याचा करिष्मा सेव्ह यशस्वी झाला की फसला हे बाकी कोणालाही दिसत नाही. म्हणजे न्यायसभा साक्षीदारावर नाही, क्लेरिकवर विश्वास ठेवते. एवढं धरून शहराचा कायदा लिहा. दोन वेगळ्या देवळांचे दोन क्लेरिक हवेत, दोघांनी एकमेकांशी न बोलता निकाल लिहून द्यायचा. पार्टीच्या स्वतःच्या क्लेरिकने घेतलेली साक्ष ग्राह्य नाही, कारण तो फिर्यादीच्या बाजूचा. आणि सभासदासारख्या माणसाला संमतीशिवाय वर्तुळात उभं करता येत नाही, ते करायला सभेचा ठराव लागतो. ठरावाला पुरावा लागतो. इथे तुमचा दुसरा थर आपोआप येऊन बसतो.

स्पेल काय करतो ते नीट वाचा. तो खरं बोलायला लावत नाही, मुद्दाम खोटं बोलू देत नाही. गप्प बसता येतं. आडवळणाने उत्तर देता येतं. आणि ज्याचा सेव्ह फसलाय त्याला आपण स्पेलखाली आहोत हे कळतं. सभासदाने खरंच कोणाला मारलेलं नाही, तेव्हा "मी खजिनदाराला हात लावलेला नाही" हे तो बिनदिक्कत म्हणेल. पार्टीने पुढचा प्रश्न "मारायला सांगितलंस का?" असा विचारला की तो म्हणेल, "या सभेत माझा असा अपमान पूर्वी झाला नव्हता." दोन्ही वाक्यं खरी आहेत. अशी चार-पाच वाक्यं आधीच लिहून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाहीत. मात्र खेळाडूने "हो की नाही एवढंच सांग" म्हणून कोंडीत पकडलं आणि सभासद गप्प राहिला, तर त्या मौनाची किंमत सभेत मोजली जाऊ द्या. एखादा तटस्थ सभासद तिथेच बाजू बदलतो.

सेव्ह वारंवार होतो हेही लक्षात घ्या. वर्तुळात जो कोणी आपली पाळी सुरू करतो त्याला पुन्हा सेव्ह करावा लागतो. दहा मिनिटं म्हणजे सहा-सहा सेकंदांच्या शंभर पाळ्या. पहिल्यांदा सुटलेला माणूस शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणून हा सेव्ह टाकत बसू नका, एक-दोन फेऱ्यांनंतर फसला असं धरा आणि वेळ संवादावर घाला.

प्रामाणिक पण चुकीची साक्ष ही इथली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. गोदामाच्या पहारेकऱ्यावर मॉडिफाय मेमरी केलेला असेल तर तो वर्तुळात उभा राहून मनापासून चुकीचं सांगेल. तो स्पेल पाचव्या लेव्हलला फक्त गेल्या २४ तासांतल्या घटनेवर चालतो आणि दहा मिनिटांपर्यंतचीच आठवण बदलते. म्हणून खूण तिथेच ठेवा : त्या दहा मिनिटांआधीचं आणि नंतरचं त्याला तपशिलात आठवतं, पण मधलं नाही जुळत. आधी पाऊस होता, नंतर अंगावर कपडे ओले होते, मधे मात्र तो चांदण्याचं वर्णन करतो. रिमूव्ह कर्स किंवा ग्रेटर रेस्टोरेशनने खरी आठवण परत येते. एका कॅम्पेनमध्ये हे एकदाच वापरा.

ग्लिबनेस (खोटं पचवू देणारा स्पेल) आणि रिंग ऑफ माइंड शील्डिंग (मन झाकणारी अंगठी) यांचं झोन ऑफ ट्रुथशी काय होतं यावर दोन टेबलांचं एकमत होत नाही. अंगठी "खोटं बोलतोय का ते ओळखणाऱ्या" जादूपासून वाचवते, आणि हा स्पेल ओळखत नाही तर अडवतो, असं मी धरतो. तुम्ही काहीही धरा, पण सभासदाच्या बोटात अंगठी घालायच्या आधी खेळाडूंना सांगून टाका.

काँटॅक्ट अदर प्लेनचा धोका तेवढा मोठा नाही. इंटेलिजन्स सेव्ह, डीसी १५. नवव्या लेव्हलच्या विझार्डचा सेव्ह इंटेलिजन्स २० धरून अधिक ९, म्हणजे फसण्याची शक्यता २५ टक्के. फसला तर ६डी६ (सहा बाजूंचे सहा फासे), सरासरी २१ सायकिक डॅमेज (मनाला इजा) आणि लाँग रेस्टपर्यंत भ्रमिष्ट. रात्री झोपायच्या आधी केला तर तो भ्रम झोपेतच जातो, आणि खेळाडू ते पहिल्याच आठवड्यात शोधून काढतात. त्याला डॅमेजने अडवू नका. रात्रच महाग करा : सभासदाची माणसं ज्या घरावर टपलीत तिथे भ्रमिष्ट विझार्ड घेऊन रात्र काढायची की नाही, हा त्यांचा निर्णय असू दे.

---

शिसं_आणि_शाई

मग सात दिवसांचा तक्ता एका पानावर उतरवा आणि पडद्यामागे चिकटवा. पार्टीने काहीच केलं नाही तर काय घडेल तेच त्यात असावं. पार्टीने काय करावं ते लिहू नका.

पहिला दिवस : प्रेत सापडतं, स्पीक विथ डेड फसतो. दुसरी रात्र : कारकुनाचं घर फोडलं जातं. तिसरा दिवस : पहारेकऱ्याची साक्ष. चौथ्या दिवशी खुन्यांना कळतं की प्रेत खोटं बोललं, आणि ते बहिणीच्या मागावर निघतात. पाचव्या दिवशी कप्तानबाई शहर सोडायच्या तयारीला लागते. सहाव्या दिवशी सभासद ठराव हाणून पाडतो. सातवी रात्र विधीची. पार्टीने कम्यूनने पहिल्याच दिवशी दोन्ही नावं काढली तर त्यांना बहिणीपर्यंत पोहोचायला तीन दिवस जास्त मिळतात. हेच त्यांच्या स्पेलचं बक्षीस, आणि ते खरं बक्षीस आहे.

प्रत्येक सेशन संपताना क्लेरिकच्या खेळाडूला विचारा, पुढच्या वेळी काय विचारणार? बहुतेक वेळा तो सांगून टाकतो. तुम्हाला उत्तरं लिहायला आठवडा मिळतो आणि उत्तर जास्त चांगलं होतं.

आणि वरच्या ओवीत ओहोटी आली आहे, तर भरतीच्या वेळा आधीच पक्क्या करा. ओवी वाचून झाल्यावर त्या बदलता येणार नाहीत. तुमच्या जगात एकच चंद्र असेल तर कोकणातला हिशेब पुरतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. खून प्रतिपदेच्या रात्री ठेवा. त्या दिवशी भरती पाऊण वाजता, म्हणून ओहोटी संध्याकाळी सातच्या सुमारास. सातव्या रात्री अष्टमी येते : आठाची पाऊणपट सहा, भरती संध्याकाळी सहाला, तळघराचं दार उघडं पडणार मध्यरात्री बारा वाजता. पार्टी सहाला पोहोचली तर दार पाण्याखाली असेल, आणि वाट बघायची की बुडी मारायची हे त्यांनी ठरवायचं.